शेवटच्या पानावरची ओळ

मुकाइ सुमिएच्या नावावर सव्वीस वर्षांत एकही खाडा नाही. दर सोमवारी निघणाऱ्या साप्ताहिकात तिची गोष्ट दर सोमवारी आली. लग्न मोडलं त्या आठवड्यात आली, पोटाचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात आली, आणि बापाला जाळलं त्या आठवड्यातही आली. संपादक मंडळी याला तपश्चर्या म्हणत. सुमिए काहीच म्हणत नसे. कुणी विचारलं, "कसं चाललंय?" तर समोरचा कितव्या भागाबद्दल बोलतोय याचा ती आधी अंदाज घ्यायची.

चित्रं ती काढत नव्हती. मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, नुसती गोष्ट लिहायची. चौकटी आखून त्यांत काड्यांची माणसं उभी करायची, त्यांच्या तोंडी बोलणी घालायची, आणि ओसाकाचा एक चित्रकार मग त्यांना नाकडोळे द्यायचा. गोष्ट होती बोटीबोटींवर फिरून खलाशांची डोकी करणाऱ्या एका न्हाव्याची. ती तिला कुठून सुचली हे सांगायला ज्योतिषी नको. तिचे बाबा, तोकुसाबुरो, चोशी बंदरात न्हावी होते आणि कोळ्यांच्या डोक्यांवर त्यांनी सगळा संसार ओढला होता.

ती नोकरी सोडून तोक्योला निघाली तेव्हा बाबा एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होते. मान वर न करता म्हणाले, "जा. पण तुझी ती चित्रांची बाडं माझ्या दुकानात दिसायची नाहीत."

बोलले तसे वागले. दुकानातल्या बाकावर गिऱ्हाइकांसाठी पाच-पाच साप्ताहिकं पडलेली असत, तिचं तेवढं नसे. गोष्ट सुरू झाल्यावर पहिल्या नववर्षाला ती घरी गेली, तेव्हा जेवताना बाबा एकदाच बोलले.

"तुझा तो न्हावी वस्तरा चुकीचा धरतो."

बस्स. पण म्हणजे एक पान तरी त्यांनी पाहिलं होतं! त्या एका वाक्यावर सुमिएने पुढची पंचवीस वर्षं काढली. बाबा वाचतात का? सरळ विचारायची सोय नव्हती, कारण मुकाइंच्या घरात विचारणं म्हणजे अर्धी हार. पुढच्याच भागात तिने वस्तरा नीट धरवला आणि वाट पाहिली. बाबांकडून हू नाही की चू नाही. मग ती वर्षाला एकदा जायची ती तीन वर्षांनी जायला लागली, आणि शेवटी जायचीच बंद झाली. दर आठवड्याला एकोणीस पानं असतात, त्यात गावाला जायचं कधी, असं ती म्हणायची. ते खोटंही नव्हतं.

या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर अनुक्रमणिका असते, आणि तिथे प्रत्येक लेखकाच्या नावाखाली त्याची स्वतःची एक ओळ छापतात. तीस अक्षरं. काय खाल्लं, मांजर व्यालं, सर्दी झाली, असलं काहीबाही. सुमिएची ओळ पंधरा वर्षं जवळजवळ एकच होती: 'हा भाग वेळेत पूर्ण झाला.'

मग शिओझाकी नावाचा नवा संपादक आला. गोलमटोल, खाण्याचा शौकीन आणि बोलायला मोकळा. सुमिएला तो रिवाजाप्रमाणे 'सेन्सेई', म्हणजे गुरू, म्हणायचा.

"सेन्सेई, तुमची ओळ वाचून वाटतं, तुम्ही तुरुंगातून लिहिता."

"मग तुम्हीच लिहा."

"मी? खरंच लिहू?"

"लिहा. मला दाखवूही नका."

तेव्हापासून अकरा वर्षं ती ओळ शिओझाकी लिहीत आला. सुमिएने शेवटचं पान कधी उघडलं नाही.

साधारण त्याच सुमारास चोशीहून खोकी यायला लागली. आत चिठ्ठी नसायची. एकदा खारवलेले बांगडे आले. सुमिए लहानपणी ताटात बांगडा दिसला की उठून जायची. बाबा विसरले असणार, वय झालं, असं म्हणून तिने खोकं शिओझाकीला देऊन टाकलं. पुढे बांगडे येतच राहिले. अधूनमधून पर्सिमनची फळं आली, आणि एकदा तर गुडघ्याला लावायच्या औषधी पट्ट्या आल्या. सुमिएचे गुडघे ठणठणीत होते. शिओझाकीचे मात्र जिना चढताना करकर वाजायचे.

"कमाल आहे हं सेन्सेई," बांगडा चाखत तो म्हणाला, "तुमच्या वडिलांना माझी नाडी बरोबर सापडलीय. आंधळं दळतंय आणि हे कुत्रं मजेत पीठ खातंय!"

दोघंही हसले होते.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी दुपारी चोशीहून फोन आला. बाबा गेले. सुमिएने हातातली चौकट पूर्ण केली, पेन्सिल खाली ठेवली आणि गाडी पकडली. विधी झाले. भट्टीतून आलेली हाडं लांब काड्यांनी उचलून कलशात ठेवताना तिच्या मनात आलं, पुढच्या भागात न्हावी कुठल्या बंदरात उतरवावा. याची तिला लाज वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

दुकान आवरायला ती दोन दिवस राहिली. मदतीला शेजारच्या हामाना काकू आल्या. त्यांचं सुक्या मासळीचं दुकान, चाळीस वर्षांचा शेजार. आरशाखालच्या कपाटातून टॉवेल काढताना मागे गिऱ्हाइकांच्या वेळा लिहायच्या जुन्या वह्या निघाल्या. सुमिएने एक उघडली. आत कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, बोटभर रुंद, एकाखाली एक, कात्रीने सरळ कापलेल्या. प्रत्येकीवर तिचं नाव आणि एक ओळ.

"अगं, ते होय!" काकू म्हणाल्या. "सोमवारी दुकानाला सुट्टी. सकाळी उठून स्टेशनवर जायचा, तुझा अंक आणायचा, तेवढी पट्टी कापायचा आणि बाकीचं गठ्ठा बांधून रद्दीत."

"गोष्ट वाचायचे का?"

"छे गं. म्हणायचा, गोष्ट काय, खोटीच असते. पोरगी खरं बोलते ती एवढंच."

सुमिए पानं उलटत गेली. पंधरा वर्षांचं 'हा भाग वेळेत पूर्ण झाला.' त्यानंतर: 'खारवलेला बांगडा आणि गरम भात, याहून वेगळं सुख नाही.' 'पर्सिमनची आठवण येतेय.' 'जिना चढताना गुडघे कुरकुरतात.'

"बांगड्याची पट्टी कापली त्या दिवशी किती खूश होता!" काकू सांगत होत्या. "माझ्या दुकानात आला नि म्हणाला, पोरगी बदलली, आता बांगडा खाते, सगळ्यांत जाडे काढ. मी म्हटलं, म्हाताऱ्या, फोन कर की. तर म्हणे, कशाला, तिचं काम अडेल. लिहिते आहे ना."

सुमिएने शेवटची वही उघडली. शेवटची पट्टी सप्टेंबरातली होती. 'पुढच्या महिन्यात गावी जाऊन बाबांच्या हातून केस कापून घेणार.'

काकूंचा आवाज उतरला. "डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, ॲडमिट व्हा. हा ऐकेल तर ना! महिनाभर थांबा, घरी गिऱ्हाईक यायचंय म्हणे. रोज पांढरा कोट घालून, वस्तरा पाजळून बसायचा. सोमवारीसुद्धा. सुट्टीच्या दिवशी गं! अडकली असशील तू, कळतं मला."

"हो," सुमिए म्हणाली. "अडकले होते."

सव्वीस वर्षं तिला एकच गोष्ट हवी होती, बाबा आपलं वाचतात का ते कळायला. वाचत होते. अकरा वर्षं त्यांनी नेमकं तेवढंच वाचलं, जे तिने लिहिलं नव्हतं. इथे रडू फुटायचं असतं, हे तिला धंद्याने ठाऊक होतं. कितव्या चौकटीत, तेही. काही फुटलं नाही. तिने टॉवेलांच्या घड्या घातल्या, काकूंना चहा दिला आणि शिओझाकीला फोन लावला.

सगळं ऐकून पलीकडे तो हुंदके देऊन रडायला लागला. "मी लिहिलं खरं, सेन्सेई... मला वाटलं, ते वाचून कुणी विचारेल, तुम्हाला लाज वाटेल, तुम्ही जाल एकदा."

"बांगडे चांगले होते ना?"

"सेन्सेई..."

"होते का नाही?"

"होते."

"मग वाया नाही गेले. या खेपेची ओळ मी लिहिते."

बाबांच्या खुर्चीत बसून तिने कागद मांडीवर घेतला. समोर आरसा होता. 'वडील वारले,' असं लिहिलं आणि खोडलं. 'क्षमा करा,' लिहिलं, तेही खोडलं. असली वाक्यं ती दुसऱ्यांच्या तोंडी आठवड्याला सहा घालत होती. तास गेला. मग एक ओळ लिहून तिने शिओझाकीला फोनवर वाचून दाखवली.

"वाचकांना काही कळणार नाही, सेन्सेई."

"नाही कळणार," ती म्हणाली. "छापा."

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला ती परत चोशीला आली, तो सोमवार होता. सकाळी ती स्टेशनवरच्या स्टॉलवर गेली आणि तिने साप्ताहिकाचं नाव सांगितलं.

"संपलं हो," स्टॉलवाली म्हणाली. "एकच राहिलंय, ते न्हाव्याकडच्या मुकाइ आजोबांसाठी ठेवलंय. मागचेही आठ-नऊ पडलेत. आजारी आहेत का ते?"

सुमिएने ते सगळे अंक घेतले. दुकानात येऊन पट्ट्या सरळ कापल्या आणि सप्टेंबरातल्या पट्टीखाली तारखेने चिकटवल्या. त्यांतली एक तिची होती: 'बाबा, मला बांगडा आवडत नाही. केस वाढलेत.'