मीरसाहेबांच्या ओसरीवरचे उमेदवार

नोकरी लागली की माणसाचे किस्से आटतात. पुढं तीस वर्षं तो सही करून आत जातो नि सही करून बाहेर येतो, त्यात सांगण्यासारखं काय असतं? जे घडायचं ते नोकरी लागायच्या आधी घडतं. आमच्या तिघांचं त्या दीड-दोन वर्षांत इतकं घडलं, की अजून कुठल्या लग्नाकार्यात एकत्र बसलो तर पानातलं जेवण गार होतं.

आम्ही तिघं म्हणजे मी बिलोलीचा, गुंडेराव उदगीरचा आणि दिगंबर माहूरकडचा. तिघंही मॅट्रिक, तिघंही नांदेडात एका खोलीत आणि तिघंही रिकामे. निजाम सरकारचा अंमल होता. शेवटची वर्षं होती ती, पण आम्हाला काय ठाऊक? हे राज्य असंच चालायचं, तेव्हा त्यात एखादी खुर्ची पटकवावी, एवढीच अक्कल. कचेरीची भाषा उर्दू. शाळेत आम्ही उर्दूतूनच शिकलो होतो; पण आमची उर्दू कागदावर ठीक, तोंडातून बाहेर पडली की धोतर नेसून यायची.

म्हणून आम्ही मीरसाहेबांकडं जायला लागलो. मीरसाहेब कोर्टातले निवृत्त पेशकार. जन्मभर त्यांनी जजसाहेबांच्या बाजूला उभं राहून कागद पुढं केले होते आणि समोर येणाऱ्या माणसांची तोंडं पाहिली होती. त्यामुळं कोण आत राहतो आणि कोण दारातून परत जातो, हे आपल्याला चालीवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. रोज संध्याकाळी ते ओसरीवर खुर्ची टाकून अफसर व्हायचे आणि आम्ही पायरीवरून एकेक करून आत यायचो.

*

पहिला धडा हस्ताक्षराचा.

"अर्जी अफसर पढता नहीं, देखता है," मीरसाहेब म्हणायचे. "हरफ अच्छे दिखे तो आदमी अच्छा दिखता."

त्यांनी आपली एक जुनी दरखास्त काढून दिली. अक्षर असं, की भिंतीला लावावं. ती समोर ठेवून महिनाभर उतरवायची. मी नि गुंडेराव दोन दिवसांत कंटाळलो. दिगंबर मात्र चिकट. त्यानं बोटाला घट्टे पडेस्तोवर मश्क केली आणि शेवटी मूळ कुठलं नि नक्कल कुठली हे मीरसाहेबांनाही सांगता येईना. त्याच अक्षरात त्यानं एका महकम्यात, म्हणजे सरकारी खात्यात, दरखास्त पाठवली. खाली नाव आपलं, गाव आपलं.

महिन्यानं उत्तर आलं. दिगंबरनं ते आम्हाला दाखवलं नाही, थेट मीरसाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं. अर्जदाराचं अक्षर उत्तम आहे. परंतु अर्जदारानं आपलं वय बावन्न लिहिलं असल्यामुळं त्यानं नोकरीऐवजी पेन्शनसाठी अर्ज करावा.

*

मग मीरसाहेबांनी ठरवलं, की या पोरांना आधी स्वतःची ओळख करून देता आली पाहिजे.

"अफसर दिन में पचास सलाम लेता है," ते म्हणाले. "तुम्हारा सलाम उसको क्यों याद रहे? हर आदमी में एक खूबी होती. वह बोलो."

आमच्यावर विचार करायची पाळी आली. मी म्हणालो, मी पहाटे उठतो. गुंडेराव म्हणाला, मी ओझं उचलतो. दिगंबर बराच वेळ ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "मी आजवर कुणाचं काही बिघडवलं न्हाई."

मीरसाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या मागं पाहिलं.

"बेटा, यह खूबी तो इस खंभे में भी है."

*

दिगंबर खचला नाही. देगलूरच्या बाजूला एक जागा निघाली होती. तिकडं तेलुगू रयत फार, म्हणून तेलुगू येणाऱ्याला आधी घेणार, असं कळलं. जागेसाठी पन्नास उमेदवार असतील, पण तेलुगूवाले दोन-तीनच. वेगळं दिसायचं तर इथंच, असं दिगंबरनं हेरलं.

शिकायचं कुणाकडून? आमच्या गल्लीत एक तेलुगू कासारीण बांगड्या भरायला यायची. दिगंबर तीन आठवडे तिच्या टोपलीशेजारी बसला. ती बायकांशी काय बोलते ते ऐकायचा, वहीत उतरवायचा आणि खोलीवर येऊन आम्हाला ऐकवायचा. चाल, हेल, सगळं तंतोतंत. आम्हाला अक्षर कळत नव्हतं, त्यामुळं आम्ही खूश होतो.

मुलाखतीला अधिकारी तेलुगूच निघाला. दिगंबर आत गेला. खिडकीखाली आम्ही दोघं कान देऊन. अधिकाऱ्यानं तेलुगूत काहीतरी विचारलं. दिगंबरनं एक पाऊल पुढं टाकून गोड आवाजात म्हटलं, "चेय्यि इव्वंडि, नोप्पि पेट्टदु."

हात द्या, दुखणार नाही.

मग अधिकाऱ्यानं जराही न हसता विचारलं, "पच्चवि उन्नाया?"

हिरव्या आहेत का?

हा प्रश्न दिगंबरनं रोज ऐकला होता आणि त्याचं उत्तरही त्याला पाठ होतं. तो उल्हासानं म्हणाला, "उन्नायम्मा."

आहेत की, आई.

*

त्याला ती जागा मिळाली, हे सांगितलं तर लोक खोटं समजतात. जो बांगडीवालीपुढं बसून शिकायला लाजत नाही तो रयतेकडूनही शिकेल, असं त्या भल्या माणसाचं मत पडलं. दिगंबर गेला आणि खोलीत आम्ही दोघं उरलो.

आता गुंडेरावचं. हा माणूस दाराएवढा रुंद. उदगीरकडं बोलणं अर्धं कानडी, त्यामुळं उर्दू बोलताना त्याला घाम फुटायचा. मीरसाहेब म्हणाले, याला बोलायला लावूच नका, याच्या अदबीवर भर द्या.

अदब म्हणजे काय? आत जाताना सात पावलांवरून झुकून सलाम. विचारलं तेवढंच सांगायचं. आणि निघताना अफसराला पाठ दाखवायची नाही, सात पावलं मागं मागं चालत बाहेर पडायचं. गुंडेरावनं ओसरीवर इतकी मागं चालण्याची मश्क केली, की दोनदा तुळशीसारख्या लावलेल्या सब्जाच्या कुंडीत बसला आणि एकदा पायरीवरून थेट रस्त्यावर गेला.

नांदेडातल्याच एका कचेरीत त्याला बोलावणं आलं. मी सोबत गेलो, बाहेर बाकावर बसलो. गुंडेराव आत गेला. त्याच्या मागून दुसरा उमेदवार गेला, बाहेर आला. तिसरा गेला, बाहेर आला. सगळे येऊन घरी गेले, गुंडेराव येईना. मला वाटलं, एवढा वेळ आत ठेवून घेतला म्हणजे घेतलाच.

झालं होतं असं. त्या खोलीला दोन दारं होती. एक बाहेर यायचं आणि एक रेकॉर्डच्या खोलीचं. गुंडेराव सलाम करून सात पावलं बरोबर मागं गेला. पण जरा तिरका गेला. दार उघडलं, तो आत पडला, दार मिटलं. पाहतो तर छतापर्यंत जुन्या कागदांचे बस्तेच बस्ते. आता परत अफसरासमोर जावं तर परवानगी नाही, दुसरीकडून जावं तर वाट नाही. तो तिथंच थांबला.

दुपार कलल्यावर चपराशी एक मिसल, म्हणजे कागदांची फाइल, आणायला आत शिरला आणि ओरडत बाहेर आला. अफसर स्वतः उठून गेले.

"तुम अभी तक यहीं हो?"

"हुजूर, इजाजत नहीं हुई."

"इतनी देर अंदर क्या किया?"

गुंडेरावला बोलता येईना. त्यानं हातानं दाखवलं. रिकामं बसवेना म्हणून त्यानं खाली कोसळलेले बस्ते उचलून, धूळ झटकून, साल पाहून दोन फडताळं लावून टाकली होती. अफसरांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग चपराशाला म्हणाले, "इसको जहाँ है वहीं रहने दो."

पेन्शन होईपर्यंत गुंडेराव त्या खोलीतून हलला नाही.

*

राहिलो मी. माझी खोड अशी, की मला जे येत नाही ते मी लगेच सांगून टाकायचो. मीरसाहेब त्यानं फार चिडायचे.

"नहीं का लफ्ज जबान से निकाल दो," ते म्हणाले. "कुछ नहीं आता तो बोलो, मश्क जारी है." म्हणजे सराव चालू आहे.

मी ते वाक्य घोटून एका तहसिलीत गेलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं कळेल. जागा गिरदावराची, म्हणजे गावोगाव फिरून पिकं पाहायची. तहसीलदारसाहेब ओसरीत बसले होते, आम्ही आठ-दहा उमेदवार अंगणात रांगेनं उभे.

"इंग्रेजी आती है?"

"हुजूर, मश्क जारी है."

"जमीन की नापजोख?"

"मश्क जारी है, हुजूर."

"घोडे पर बैठते हो?"

"हुजूर, मश्क जारी है."

साहेबांनी हात केला. सईस त्यांचा स्वतःचा घोडा घेऊन आला. "गाँव का एक चक्कर मारके आओ."

मी आयुष्यात बैलाच्या पाठीवर बसलो होतो, तेही तो पाण्यात असताना. दोघांनी मला वर चढवलं. घोडा शहाणा होता. मी काहीच केलं नाही, हे ओळखून त्यानं आपल्या मनानं चालायला सुरुवात केली. बाजार ओलांडला, मशीद ओलांडली, वेशीबाहेर गेला आणि शिंदीच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. मी टाचा मारल्या, विनवण्या केल्या, हलेना. दुकानदारानं घोडा पाहिला, मला पाहिलं, काही न विचारता एक तोंड बांधलेलं मडकं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. त्यासरशी घोडा वळला आणि आला तसा परत निघाला.

मी वाटेत खांद्यावरचा रुमाल मडक्यावर गुंडाळला. अंगणात पोचलो तेव्हा सगळे उमेदवार टक लावून पाहत होते. साहेबांनीही पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"रुमाल में क्या है?" त्यांनी हळू विचारलं.

मी म्हणालो, "हुजूर के घर का दही है. दूधवाले ने दिया."

चपराशी मडकं आत घेऊन गेला. साहेब बराच वेळ कागद चाळत बसले. संध्याकाळी त्यांनी मला एकट्याला बोलावलं.

"घोडा तुमको आता नहीं," ते म्हणाले. "चुप रहना आता है. मेरी पेशी में काम करोगे?" म्हणजे कचेरीत, त्यांच्या हाताखाली.

मी म्हणणार होतो मश्क जारी है, पण या वेळी सरळ हो म्हणालो.

*

आम्ही तिघंही असे मार्गी लागलो. मग गुंडेरावनं आपल्या थोरल्या बहिणीला, गंगाक्काला, मीरसाहेबांकडं आणलं. नवरा वारल्यावर ती लहान मुलीला घेऊन माहेरी आली होती. मराठी सात यत्ता शिकलेली. लातूरला मुलींच्या शाळेत मराठीच्या बाईची जागा होती. माहेरी भावजयीच्या हाताखाली जन्म काढायचा नसेल, तर ही जागा मिळायलाच हवी होती. पण शाळा तपासणाऱ्या बाई हैदराबादच्या, त्या उर्दूत विचारणार. आणि मीरसाहेब समोर अफसर होऊन बसले की गंगाक्काच्या तोंडून शब्द फुटेना.

तीन दिवस हे पाहिल्यावर पडद्याआडून मीरसाहेबांच्या बीबींचा आवाज आला, "इसको अंदर भेजो. मैं देखती."

आठवडाभर गंगाक्का आत शिकत होती. काय शिकली, ओसरीवर बसलेल्या गुंडेरावलाही कळलं नाही. त्याला बाहेर फक्त दोघींचं हसणं ऐकू यायचं आणि मीरसाहेब अस्वस्थ होऊन पान लावायचे.

मुलाखतीला सोबत म्हणून बीबी स्वतः लातूरला गेल्या. परत आल्यावर गुंडेरावनं विचारलं, "अक्का, काय झालं गं?"

"काय सांगू तम्मा," गंगाक्का म्हणाली, "त्या बाईंनी विचारलं, पोरी शाळेत आल्या न्हाईत तर काय करशील? मी म्हणाले, घरोघर जाऊन त्यांच्या आयांना भेटीन. बीबी म्हणाल्या, मी हिचं उर्दूत सांगते. नि एवढ्याचं उर्दूत सांगायला त्यांना पाव घंटा लागला. पुढचा सवाल त्या बाईंनी बीबींकडं बघूनच केला. मग मला कुणी काही विचारलंच न्हाई. त्या दोघी बोलत बसल्या, मी चहा प्याले."

गुंडेरावनं कपाळाला हात लावला.

पुढं ईदेच्या सुट्टीत आम्ही तिघंही नांदेडला जमलो होतो. ओसरीवर शीरखुर्मा चालू असताना टपालवाला आला. लातूरची दोन पाकिटं. मीरसाहेबांनी पहिलं फोडलं. गंगाक्काला मराठीची जागा मिळाली होती. गुंडेरावच्या डोळ्यांत पाणी आलं. मीरसाहेब ताठ बसले, आमच्याकडं पाहून म्हणाले, "आखिर शागिर्द किसकी है."

दुसरं पाकीट त्यांनी फोडलं, वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग पडद्याशी जाऊन उभे राहिले.

"सुनती हो? इसमें तुम्हारा नाम लिखा है. सदर मुअल्लिमा." म्हणजे मुख्याध्यापिका.

"पूरा पढो," आतून आवाज आला.

त्यांनी पूर्ण वाचलं.

"रहने का मकान लिखा है?"

"लिखा है. तुमने दरखास्त कब दी?"

"दी नहीं. उन्होंने माँगी."

लेकी कधीच सासरी गेलेल्या, घरात हे दोघंच. मीरसाहेबांनी विचारलं, "और मेरा क्या?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"उसी मदरसे में एक मुन्शी की जगह खाली है," बीबी म्हणाल्या. "दरखास्त दे दो. गौर करेंगे."

आम्ही घाईघाईनं वाट्या रिकाम्या केल्या आणि सलाम करून उठलो.

दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा मीरसाहेब ओसरीवर खाली बसून नवी कलम तासत होते. भोवती फाडलेले कागद पडले होते.

"मीरसाहेब, कुणाची अर्जी?" दिगंबरनं विचारलं.

"चुप बैठो," ते म्हणाले. "मजमून सोचने दो."