रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

व्हिसा यायच्या आधीच आमच्या गावानं माझा सत्कार उरकून घेतला. केजजवळचं आमचं गाव कुणाचंही काही होण्याची वाट बघत बसत नाही. नुसता फॉर्म भरला तरी इथं शाल आणि नारळ तयार असतो. मी ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर पीएच.डी. करते. त्यासाठी एका परदेशी विद्यापीठानं मला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं आणि दिवाळीच्या आत हजर झाले नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. एवढं कानावर पडताच चौकात फ्लेक्स लागला: 'परदेशी रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्यावर आमचे पुढारी कमरेपर्यंत, त्यांचे चिरंजीव खांद्यापर्यंत आणि मी खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी.

व्हिसाच्या अर्जात मुख्य मागणी एकच होती. मी परत येईन याचा पुरावा द्या. आता हा कुठल्या खिडकीवर मिळतो? रहिवासी दाखला काढला, उत्पन्नाचा काढला, तलाठ्याकडून वडिलांच्या रानाचा सातबारा आणला. तहसीलमधल्या क्लार्कला मी सरळ विचारलंच.

"परत येण्याचा दाखला न्हाई निघत, ताई," तो म्हणाला. "बाकी मेल्याचासुदीक निघतो."

माझे आईवडील दरसाल कोयता घेऊन दुसऱ्या मुलखात ऊस तोडायला जातात आणि सहा महिन्यांनी परत येतात. माझा सगळा प्रबंध या जाण्यायेण्यावर उभा आहे. परत येण्याचा पुरावा त्यांच्याकडं कुणी मागितल्याचं मला एकाही मुलाखतीत सापडलं नाही. बाकीही फारसं कुणी काही विचारत नाही म्हणा.

मी रोज मोबाइलवर अर्ज कुठं पोचला ते बघायची. तो जिथल्या तिथंच असायचा आणि मीही. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. "गेली न्हाईस का अजून?" हे तरी बरं. किराणा दुकानात एका काकांनी विचारलं, "कधी आलीस? तिकडं थंडी लई आसंल."

"लई," मी म्हणाले आणि साखर घेऊन घरी आले.

दसरा झाला आणि पासपोर्ट कुरिअरनं परत आला. आत वकिलातीचा एक कागद होता. मुक्काम संपल्यावर मी मायदेशी परत जाईन याबद्दल त्यांची खात्री पटली नव्हती. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसरं केलंय काय, गेलो आणि परत आलो.

दोन दिवसांनी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक आला. वडिलांनी चौकातला फ्लेक्स सोडवून त्याची घडी घातली. उसाच्या फडाशेजारी राहायला जी झोपडी घालतात, त्या कोपीवर टाकायला ते दरसाल कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स नेतात.

"कापड चांगलं हाय," ते म्हणाले. "गळत न्हाई."

म्हणजे रवाना मी झालेच. कर्नाटकात, कोपीच्या छपरावर, पुढाऱ्यांसकट.

ट्रकमध्ये चढताना आईनं घराची किल्ली माझ्या हातात दिली. दरसाल ती शेजारच्या काकूंकडं ठेवते.

"औंदा त्यास्नी कशाला तरास," ती म्हणाली. "तू हायसच की."