निवेदनाचा फोटो

कापसानं पाठोपाठ दगा दिलेली ती वर्षं. विहिरीत पाणी होतं, पण पंपाला वीज नव्हती. म्हणून दिग्रसच्या कॉलेजातल्या आम्ही आठ जणांनी गावोगाव सह्या गोळा केल्या आणि सौरपंपांच्या मागणीचं निवेदन घेऊन यवतमाळला कलेक्टर साहेबांकडे गेलो. रिवाजाप्रमाणे निवेदन देतानाचा फोटो काढला. फोटो नीट यावा म्हणून आम्ही शहाण्यांनी कागद घट्ट धरून ठेवला आणि तसाच परत घेऊन निघालो!

एसटीत, फोटो काढणाऱ्या मैत्रिणीचं माझ्या हाताकडे लक्ष गेलं.

"काहून रे, हे देलंच नाई का तुमी?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच जाऊन निवेदन देऊन आली. फोटो आम्हा सातही जणांकडे आहे. शिक्का मारलेली पोच फक्त तिच्याकडे.