दार उघडल्यावर समोर काय दिसेल?

आमचे हे किल्लीवाले आहेत. पोस्ट ऑफिसच्या बाजूच्या बोळात त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, कपाटाला खिडकी काढली तर जे होईल ते. आत एक स्टूल, किल्ली कापायचं एक मशीन, कानशींचा डबा आणि भिंतभर लटकणाऱ्या कोऱ्या किल्ल्या. हे आत बसले की दुकान भरलं, गिऱ्हाईक बाहेरच उभं राहतं.

वय वर्षं त्रेपन्न, केस बेताचे, चष्मा जाड, आणि नाद व्हिडिओ गेमचा. इतरांचे नवरे या वयात गुडघ्यांबद्दल बोलतात, आमचे हे राक्षसांबद्दल बोलतात. गुडघ्यांचं ऐकायला मी पुरेशी आहे म्हणा, कारण मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना "श्वास घ्या, रोखा, सोडा" सांगायचं आणि घरी येऊन यांना तेच सांगायचं. खेळात मेले की यांचा रक्तदाब चढतो, आणि हे फार मरतात.

धंद्यात यांचा एक नियम आहे. कोणी येऊन म्हणालं, "घराची किल्ली हरवली, दार उघडून द्या," की हे हत्यारांची पिशवी उचलतात, त्याच्यासोबत जातात, पण कुलपाला हात लावण्याआधी विचारतात, "दार उघडल्यावर समोर काय दिसेल?" उत्तर आलं की काम सुरू. दार उघडलं की आधी हे आत डोकावणार, उत्तर ताडून बघणार, मगच बाजूला होणार. एकदा एका माणसाने ऐटीत सांगितलं, "सोफा." दार उघडलं तर सोफा होता, पण त्यावर घराचा मालक झोपलेला होता. तेव्हापासून हे सोफ्यावर समाधान मानत नाहीत, त्याचा रंगही विचारतात.

माझी आणि यांची ओळख अशीच झाली. सव्वीस वर्षांपूर्वी मी एका भाड्याच्या खोलीत राहत होते. बारा तासांची ड्यूटी करून आले तर किल्ली पर्समध्ये नाही. हे आले, पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "बाई, दार उघडल्यावर समोर काय दिसेल?" माझे पाय दुखत होते, डोकं उठलं होतं. मी म्हणाले, "पसारा."

यांनी दार उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. पलंगावर कपडे, खुर्चीवर धुतलेले कपडे, त्यावर एक बूट. मग वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "खऱ्या मालकीण आहात." पुढच्या आठवड्यात माझी किल्ली पुन्हा हरवली. ती मी मुद्दाम हरवली होती, हे मी यांना अजून सांगितलेलं नाही.

लग्नानंतर कळलं की या माणसासोबत एक संगणकही येतो आणि संगणकासोबत 'सात बुरूज' नावाचा खेळ. एका जाडजूड खोक्यात खेळाची डिस्क आणि चौऱ्याऐंशी पानांची पुस्तिका. खेळ सुरू करायचा म्हटलं की पडद्यावर एक पहारेकरी यायचा आणि म्हणायचा, पान अमुक, ओळ तमुक, शब्द इतकावा, सांगा. ज्याने डिस्कची चोरून नक्कल केली त्याच्याकडे पुस्तिका कुठून असणार? तो बाहेर. ती पुस्तिका असायची माझ्याकडे स्वयंपाकघरात, कारण आमच्या घरात वाचायला तेवढंच होतं. हे आतून ओरडायचे, "पान एकतीस, ओळ सहा, शब्द चार." मी फोडणी देता देता ओरडायचे, "खंदक." दुसऱ्या वर्षी मला पुस्तिका उघडावी लागेनाशी झाली. शेजाऱ्यांचा समज होता की आम्ही एकमेकांना शिव्या देतो.

त्या पहारेकऱ्याचं यांना फार कौतुक. "बघ, याला म्हणतात कुलूप," हे म्हणायचे. "चोराला अडवतं आणि मालकाला चार ओळी वाचायला लावतं."

त्या खेळात आमचा एक घोडा होता. त्याचं नाव मी आमच्या विभागप्रमुखांवरून 'साहेब' ठेवलं होतं. संध्याकाळी घरी येऊन साहेबांना टाच मारली की बरं वाटायचं. पुढे डिस्का गेल्या, सगळे खेळ इंटरनेटवरच्या खात्यात ठेवायची पद्धत आली. अठरा वर्षांपूर्वी यांनी खातं उघडलं आणि साहेबांना त्यात नेऊन बांधलं. तेव्हापासून यांनी विकत घेतलेले त्रेचाळीस खेळ त्या एका खात्यात आहेत.

तर यंदा 'सात बुरूज'चा दुसरा भाग आला. जुन्या खात्यातून खेळलात तर जुना घोडा नव्या खेळात येईल, असं कंपनीने जाहीर केलं, आणि हे दोन रात्री नीट झोपले नाहीत. त्यांनी संगणक उघडून ब्रशने धूळ काढली. नवा खेळ चालावा म्हणून आत एक नवं कार्ड बसवलं. चष्म्याचा नंबरही तपासून आले.

शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला बोळात सगळे तज्ज्ञ म्हणतात, कारण तो स्वतःला तसं म्हणवतो. तो म्हणाला, "दादा, पैसे कशाला घालवता? कुलूप तोडलेला खेळ माझ्याकडे आहे. पेनड्राइव्हमध्ये घालून देतो."

"माझ्या दुकानासमोर उभा राहून मला हे सांगतोस?" हे म्हणाले. "मी कुलपाला हात लावतो तो मालक शेजारी उभा असताना."

"मालक परदेशात आहे दादा, तो कुठे येतो उभा राहायला."

हे एक किल्ली कानशीने घासत बसले. घासायला त्या किल्लीचं काही उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून हे संगणकासमोर बसले. आधी कंपनीच्या अटी आल्या, चाळीस पानांच्या. जगातला प्रत्येक माणूस तिथे न वाचता 'मान्य' दाबतो. यांनी वही घेतली.

"अहो, हे कोणी वाचत नाही," मी म्हणाले.

"इतकं लिहिलंय म्हणजे पुढे विचारणार," हे म्हणाले आणि पान, ओळ मांडून टिपणं काढू लागले. दुपारी दोन वाजता वाचन संपलं. कोणी काही विचारलं नाही, तेव्हा यांचा चेहरा अभ्यास करून गेल्यावर परीक्षा रद्द झालेल्या मुलासारखा झाला. मी हॉस्पिटलात निघून गेले, दुपारची पाळी होती.

रात्री आल्यावर विचारलं, "काय म्हणतात साहेब?"

"त्यांचा सर्व्हर बंद आहे," हे म्हणाले.

सोमवारी सर्व्हर बंद होता. मंगळवारीही बंद होता. बुधवारी यांनी स्वतःहून भांडी घासली, तेव्हा मला काळजी वाटू लागली.

गुरुवारी मोबाइलला काच लावून घ्यायला मी तज्ज्ञाकडे गेले, तर तो खुशीत होता. "वहिनी, मी तिसऱ्या बुरुजावर पोचलो. दादा बिचारे अजून दाराबाहेर. म्हटलं, माझ्याकडचा घ्या, तर म्हणतात त्यात घोडा येत नाही. आता एकच संधी उरलीय ना त्यांची?"

"कसली संधी?" मी विचारलं, आणि त्याने जीभ चावली. मग सगळं सांगितलं.

झालं होतं असं. नवं कार्ड बसवल्यामुळे कंपनीला वाटलं, हा संगणक कोणा परक्याचा आहे. तिने खात्याला कुलूप लावलं आणि खात्री करायला एक आकडा पाठवला, तो यांच्या जुन्या फोन नंबरवर, जो सहा वर्षांपूर्वी बंद झाला. मग उरला गुप्त प्रश्न, खातं उघडताना ज्याचं उत्तर आपणच लिहून ठेवतो तो. तीन संधी. तिन्ही चुकल्या की सुरक्षेच्या कारणास्तव खातं कायमचं बंद. त्रेचाळीस खेळ गेले, साहेबही गेले. दोन संधी यांनी रविवारीच घालवल्या होत्या आणि तिसरीला हात लावायची हिंमत होत नव्हती.

घरी आले तर हे कंपनीच्या मदतनिसाशी बोलत होते. मदतनीस माणूस नव्हता, आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम होता. यांनी लिहिलं होतं, "माझ्याकडे गिऱ्हाईक आलं तर मी निदान त्याचं तोंड बघतो. तुम्ही माझं तोंड बघा." त्यावर उत्तर आलं होतं, "आम्हाला तुमचा त्रास समजतो," आणि खाली एक हसरा चेहरा.

"सर्व्हर उघडला का?" मी विचारलं.

यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय. मग चार दिवसांचं साचलेलं बाहेर आलं. "अगं, चांगलं कुलूप मालकाला ओळखतं आणि गप्प बसतं. हे कुलूप मालकालाच चौकशीला बसवतं. मी पैसे दिले, अटी वाचल्या, टिपणं काढली, आणि मी बाहेर. तो तज्ज्ञ मागच्या खिडकीतून शिरला आणि तिसऱ्या बुरुजावर पाय हलवत बसलाय. असलं कुलूप मी गिऱ्हाइकाला विकलं तर गिऱ्हाईक ते माझ्या डोक्यात घालेल."

"श्वास घ्या," मी म्हणाले. "आणि प्रश्न दाखवा. प्रश्न काय आहे?"

"स्वतःचा प्रश्न लिहायची सोय होती," हे खाली बघत म्हणाले. "तेव्हा वाटलं, आपण कधीही विसरणार नाही असा लिहावा."

मी पडद्यावर वाकले. तिथे लिहिलं होतं, *दार उघडल्यावर समोर काय दिसेल?* खाली लाल अक्षरांत, *एक संधी शिल्लक.*

मला आतून एकदम ऊब आली. मग मी विचारलं, "दोनदा काय उत्तर दिलंत?"

"पहिल्यांदा 'आरसा'. आपल्या दारासमोर आरसा आहे ना."

"आणि दुसऱ्यांदा?"

"मग लक्षात आलं, अठरा वर्षांपूर्वी आपण त्या जुन्या घरात होतो. तिथे दारासमोर पाण्याचं पिंप होतं. म्हणून 'पिंप'."

ऊब गेली. मला राग आला, खरंच आला. मी त्या माणसासाठी चौऱ्याऐंशी पानं पाठ केली, आणि त्याला आठवलं काय, तर पिंप. डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून मी आत जाऊन उगाच गॅस पुसला. उत्तर मला माहीत होतं. दोन सेकंदांत टाइप करून मोकळी झाले असते. पण म्हटलं नाही, इतकी वर्षं आतून शब्द पुरवले, हा पुरवायचा नाही. कंपनीने यांना ओळखलं नाही तर न ओळखो, यांनी मला ओळखलं पाहिजे. साहेब गेले तरी चालतील.

बाहेर आले तर हे भिंतीकडे बघत यादी करत असल्यासारखे पुटपुटत होते. "दुकानाचं दार असेल का? दुकानाला दारच नाही, शटर आहे. आईच्या घरी समोर शिलाई मशीन होतं. मशीन लिहू?"

"खुशाल लिहा," मी म्हणाले.

यांनी 'मशीन' लिहिलं. बोट बटणावर नेलं. साहेब गेलेले काही मला चालणार नव्हते.

"थांबा," मी म्हणाले. "हा प्रश्न तुम्ही आजवर किती लोकांना विचारलात?"

"हजारो."

"त्यांतल्या किती जणांची उत्तरं आठवतात?"

"सोफा," हे लगेच म्हणाले.

मी खुर्चीवरून पर्स उचलली, खांद्याला अडकवली, दाराबाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. किल्ली आतच राहिली. मग दार वाजवलं.

"आता काय?" आतून आवाज आला.

"किल्लीवाले," मी म्हणाले, "बारा तासांची ड्यूटी करून आलेय. पाय दुखताहेत. किल्ली पर्समध्ये नाही. काय विचारायचं ते विचारा आणि लवकर उघडा."

समोरच्या घरातल्या बाई दार उघडून बघायला लागल्या. त्यांना मी मान हलवून 'काही नाही' सांगितलं. एवढ्यात आत खुर्ची सरकली, काहीतरी पडलं, आणि हे हसायला लागले. हे सहसा आवाज करून हसत नाहीत.

दार उघडलं. हे चष्मा पुसत उभे होते. "तुझा एक बूट होता," म्हणाले. "कपड्यांवर. मी आयुष्यात एवढा—"

"बोलू नका, लिहा," मी म्हणाले.

हे संगणकासमोर बसले, मी मागे उभी राहिले. यांनी 'मशीन' खोडलं. "श्वास घ्या," मी म्हणाले. "रोखा." यांनी एकेक अक्षर बघून लिहिलं, प, सा, रा, आणि बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. मीही श्वास रोखून होते.

मग खातं उघडलं. त्रेचाळीस खेळ होते, शेवटी नवा होता, आणि साहेब पडद्याच्या कोपऱ्यात उभे राहून शेपटी हलवत होते. खाली सूचना आली की सध्या गर्दी आहे, रांगेत आपला क्रमांक चार हजार एकशे बारा.

"सोडा," मी म्हणाले. यांनी श्वास सोडला.

"खरे मालक आहात," मी म्हणाले. यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग रांग मोठी आहे, आरामात बसावं, म्हणून मी दुसऱ्या खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलून पलंगावर टाकले.