जिनिंगमधलं रुखवत

आमच्या ह्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते देवालाही बाहेर काढता यायचं नाही. महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. हे धाड गावच्या शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. कुठल्याशा मासिकात वाचलं, की परदेशातले चित्रकार आता कागद सोडून आख्खी इमारत वस्तूंनी भरतात. झालं! गावातली बंद पडलेली जिनिंग तिच्या मालक शेठजींकडून मागून घेतली. जिथे कापसातून सरकी निघायची, तिथे छपराच्या तुळयांपासून जमिनीपर्यंत दोरांवर सुपं, टोपल्या, चाळण्या टांगायला लागले. सुट्टी नाही, सण नाही, वर्षभर तेच. माझी कणकेची परातही गेली. मी ताटात कणीक मळायची आणि हे मला समजावायचे, की मधली मोकळी जागा बोलते. माझं डोकं फिरायचं.

त्यातच थोरलीला बघायला देऊळगाव राजाचे पाहुणे येतो म्हणाले. आधीची दोन स्थळं हातची गेली होती, त्यात हे फार चांगलं. मी ह्यांना बजावलं, जिनिंगचं नावसुद्धा काढू नका. ह्यांनी चहा संपायच्या आत काढलं. पाहुण्यांना पुढे घालून सगळी वरात जिनिंगकडे निघाली. मागून मी मनातल्या मनात कपाळ बडवत चालले होते. म्हटलं, गेलं हेही स्थळ.

मुलाची आई दारातच थबकली. वाऱ्यावर सुपं हळूहळू फिरत होती. तिने एक टोपली हाताने चाचपली आणि तिचा चेहरा असा खुलला, की मी बघतच राहिले.

"अवो बाई, लगन ठरायच्या आधीच एवढं रुखवत मांडलं? आमाले पोरगी पसंत हाय."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. तोंड उघडलं. म्हटलं, आता हा माणूस त्या बोलणाऱ्या मोकळ्या जागेवर भाषण देणार आणि पोरगी घरात राहणार. थोरली नेमकी माझ्या टांगलेल्या परातीखाली उभी होती. हे तिच्याकडे बघत राहिले.

"हाव," हे म्हणाले. "रुखवतच हाय. तिच्यासाठीच केलं."

लग्नात सगळं ट्रकमध्ये भरलं. ह्यांनी स्वतः शिडीवर चढून एकेक दोर सोडला, कोणाला हात लावू दिला नाही. मी म्हटलं, निदान माझी परात तरी ठेवा.

"नको," हे म्हणाले. "एक काढली तर सगळं बिघडते."

ट्रकमध्ये एकात एक कोंबलेल्या टोपल्यांचं काय बिघडणार होतं, डोंबल! पण परात मी जाऊ दिली.