मावशी म्हणाली, ‘सोड ते’

मी स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी केलंय. योगायोगाचीही शक्यता मोजता येते असं मानणारी मी... अंगात येणं, दृष्ट लागणं यांवर घरात कायम वाद घालायची. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय. पण घडलं ते असं.

आम्ही कवठे महांकाळचे. एमबीएच्या सीईटीचा माझा दुसरा प्रयत्न होता. सतरा मॉक टेस्ट दिल्या, पण दोनशेपैकी स्कोअर ब्याण्णव ते पंच्याण्णवच्या पुढे हलेना. पाठांतर वाढवलं, शॉर्टकट शिकले – पुन्हा त्र्याण्णव. त्या वर्षीही झालं नाही तर बाबा स्थळं बघणार, हे ठरलेलं होतं.

एप्रिलमध्ये म्हाकूमावशी दात काढायला आमच्याकडे आली. आईची थोरली बहीण. जत तालुक्यात राहते, मेंढरं राखते, अंगठा लावते. त्या सकाळी मी अठरावी मॉक देत होते आणि मावशी माझ्याकडे पाठ करून, अंगणाकडे तोंड करून उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. मी एका गणितात अडकले.

“सोड गं ते. फुडं चल,” मावशी म्हणाली.

मला वाटलं, कोंबडीला बोलतेय. थोड्या वेळाने दुसऱ्या गणितात अडकले, आणि पुन्हा – “सोड ते.” आतून आईने विचारलं, “कुणाला म्हंतीस, आक्का?”

“कुणाला न्हाई,” मावशी म्हणाली. “आसंच आलं तोंडात.”

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मी खरंच प्रश्न सोडला. मग दर वेळी सोडत गेले. स्कोअर एकशे अकरा! मी मनाची समजूत घातली – माझा उसासा ऐकू जात असेल तिला. ती गावी गेल्यावर मी स्वतःच घड्याळ लावून अडलेला प्रश्न सोडून पुढे जायला शिकले. स्कोअर टिकला. विषय संपला, असं वाटलं.

परीक्षा सांगलीत, दुपारची. हॉलमध्ये एसी, गार शांतता. विसाव्या मिनिटाला डाव्या खांद्यामागून अगदी स्पष्ट ऐकू आलं – “सोड ते.” मी वळून पाहिलं. मागच्या खुर्चीवर चष्मेवाली एक मुलगी स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेली. “पुढे बघा मॅडम,” पर्यवेक्षक म्हणाले. त्यानंतर पाचेक वेळा तसंच झालं. मी सोडत गेले. शेवटी गोल टेबलाभोवती कोण कुठे बसलंय असं एक कोडं आलं, त्यावर पाच प्रश्न. आवाज आला... पण कोडं सुटत आलं होतं. मी नाही सोडलं.

बाहेर बाबा फोन घेऊनच उभे होते. फोनवर काका, मावशीचे यजमान.

“पोरी, तुझी मावशी दुपारधरनं मेंढरामागं एकटीच बोलाय लागलीया. सोड म्हंती, फुडं चल म्हंती. ऊन लागलं म्हणून सावलीला आणलीया. तुझ्याशी बोलायचंच म्हंती, घे.”

मावशीचा आवाज आला. “शेवटाला सोड म्हणलं, तवा का न्हाई सोडलंस?”

पेपरबद्दल मी अजून बाबांनाही काही सांगितलं नव्हतं. बाबा विचारत राहिले, “काय झालं गं?” मी गेटपाशीच फुटपाथवर बसले.

उत्तरसूची आली. त्या पाचही प्रश्नांची उत्तरं चुकली होती. तरी स्कोअर एकशे अठरा झाला, पुण्यात प्रवेश मिळाला.

पेढे घेऊन जतला गेले तेव्हा मावशीला खोदून विचारलं.

“मला काय तुझा पेपर दिसतुय व्हय? मला नुसती धाप लागायची. तू सोडलंस की थांबायची.” मग छातीवर हात ठेवून म्हणाली, “शेवटाला मातर लय लागली. मला वाटलं, आता न्हाई ऱ्हात मी.”

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मी तो आवाज पुन्हा ऐकलेला नाही, मावशीलाही तशी धाप लागलेली नाही. याची शक्यता किती, ते मला आजही मांडता येत नाही.