रेडिएटरला ठिबक

मुलांनो, परवा तुमच्यातल्या थोरल्याने फोनवर सांगितलं, की त्याची नवी गाडी तापली तेव्हा तिने स्वतःच पडद्यावर कारण लिहून दाखवलं आणि जवळचं गॅरेजही सुचवलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ एकटीच हसत होते. गाडी का तापते हे गाडीनेच सांगायचं, हा आगाऊपणा लोणीच्या भाऊजींनी मुळीच खपवून घेतला नसता. ते तुम्हाला कधी भेटले नाहीत, म्हणून आता लिहून ठेवते.

लोणीचे भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे आतेभाऊ. इतक्या आत्मविश्वासाने चुकणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही. नव्वदनंतर कांद्याला एकदा बरा भाव मिळाला आणि त्यांनी एक म्हातारी पांढरी मोटार विकत घेतली. ती ते पिकासारखी वागवत. ती बंद पडली की ‘कोमेजली’ म्हणत, आणि सकाळी तिच्या बॉनेटवरून म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत. डिकीत आणि टपावर कांद्याच्या गोण्या रचून मंचरच्या बाजारात तासन्‌तास उभी राहणारी ती गाडी निम्म्या वाटेवर उकळायची. आत बसणाऱ्यांच्या स्वभावाने इंजिन तापतं, हे त्यांचं पहिलं निदान. तुमच्या आजोबांना ते पुढे बसू देत नसत. “दादा, तुमी मागं बसा. हितं आधीच लई ऊन हाये.” जाऊबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या गाडीत एकदाच बसल्या. नंतर म्हणाल्या, “मी यष्टीनं येते. तुमच्या आधी पोचते.” आणि दर वेळी पोचत.

दुसरा उपाय हीटरचा. भर मे महिन्यात भाऊजी हीटर लावून आम्हाला भाजून काढत. “इंजनाची उष्णता समद्यांनी वाटून घ्यायची, वैनी. घरचीच गाडी हाये.” हा उपाय मात्र खरोखर बरोबर होता. गाडीच्या इंग्रजी पुस्तकात तो छापलेला मी त्यांना दाखवला, तर ते हिरमुसले. पुस्तकात सापडलेला उपाय त्यांना आपला वाटेना.

मग त्यांनी टोमॅटोला ठिबक केलं, आणि उरलेली नळी गाडीला लावली. टपावर प्लास्टिकची टाकी, तिच्यातून काळी नळी खाली, आणि रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर थेंब थेंब पाणी. भाऊजी कुठे गेले हे कुणाला विचारावं लागत नसे. रस्त्यावर ओली रेघ असे. तरी गाडी पूर्वीपेक्षा जास्तच तापू लागली. मी पुस्तक उघडून वाचलं, की रेडिएटरच्या जाळीत कचरा अडकला आहे का ते आधी पाहावं. भाऊजींनी हात झटकला. “पुढून तर वारं येतंय, वैनी. वाऱ्याला कोन अडवनार?”

तुमच्या आईची पुण्याला मुलाखत होती, त्या दिवशी आमच्या घोडेगावहून सकाळची एसटी सुटलीच नाही. परदेशातली ती नोकरी मिळावी म्हणून माझ्या पोरीने वर्षभर जिवाचं रान केलं होतं. आजोबा गावाला गेलेले. नाइलाजाने भाऊजींना बोलावलं. खेडच्या घाटात गाडीने वाफ सोडली. टाकी कोरडी झाली होती. भाऊजींनी बॉनेट उघडलं आणि नुसते उभे राहिले. निदान न करणारे भाऊजी मी पहिल्यांदाच पाहिले.

तुमची आई पुढे गेली, वाकली, आणि जाळीतून बोटांनी काहीतरी ओढलं. कांद्याचं साल. मग आणखी एक. बाजारात उडणारी सालं पंख्याने आत ओढून घेतली होती आणि ठिबकच्या पाण्याने ती एकावर एक छान चिकटली होती. रेडिएटरला गुलाबी कागद लावल्यासारखं दिसत होतं.

“काका, वाऱ्याला तुमच्या कांद्यानं अडवलंय.”

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “वैनी, फणी हाये का?”

पर्समधली फणी मी दिली. लहान मुलाचं जावळ विंचरावं तशा हलक्या हाताने त्यांनी तो रेडिएटर विंचरला. इंजिन निवल्यावर एका ट्रकवाल्याने दिलेलं पाणी भरलं, आणि आम्ही निघालो. मुलाखतीला तुमची आई अगदी वेळेवर, पण कांद्याचा वास घेऊन पोचली. नोकरी मिळाली.

परतताना घाटातसुद्धा तापमानाचा काटा जागचा हलला नाही. भाऊजींनी तरीही हीटर लावलेला होता. तुमची आई मागे झोपली होती. बऱ्याच वेळाने ते हळूच म्हणाले, “वैनी, तुमी फणी न्हाई म्हनाला असता, तर पोरगी हितंच राह्यली असती.”

“मग मागितलीत कशाला?”

“तिचं त्वांड बघितलं व्हतं का तुमी?”



भाऊजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गाडी त्यांच्या आधीच भंगारात गेली. लोणीला जाऊबाई आहेत. तुमची आई तिकडून दर रविवारी आधी त्यांना फोन करते, मग मला.